ओळखपरेड

कादंबरी अजून सुरू नाही.
त्याआधीच ही माणसं
नेरूळच्या माझ्या दोन खोल्यांत
येऊन-जाऊन आहेत.

शिंगोटे पहिला आला.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मापाडी,
वय अठ्ठावन्न, गाव ओतूरच्या अलीकडे,
एवढं वहीत लिहिलं
आणि वाटलं, झाला माणूस तयार.
पण चाल म्हटलं तर चालेना.
पंख्याखालच्या कॅलेंडरासारखा
जागच्या जागी फडफडायचा.

मग एका पहाटे त्याच्याबरोबर बाजारात गेले.
म्हणजे एकटीच गेले,
शेअर रिक्षात पैसे एकीचेच दिले.
गोण काट्यावर टाकताना
तो आधी गोणीकडे बघतो, हे तिथे कळलं.
ओठांत काहीतरी पुटपुटतो.
मग आकडा बघतो, उगाच, खात्रीला.
घरी येऊन 'हिशेबी' खोडलं,
वर लिहिलं, अंदाजाचा पक्का.

त्याच्या बायकोचं नाव मी वसुधा ठेवलं होतं.
तीन आठवडे हाका मारल्या,
बाईने ओ दिली नाही.
सीवूड्सच्या स्टॉपवर कुणीतरी कुणालातरी
"अगं ए यमू" म्हणून ओरडलं
आणि माझ्या डोक्यातली ती
झटकन मागे वळली.
वळताना पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्यावर.
म्हणजे उजवा दुखतो.
केव्हापासून? कशाने?
बोलली नाही.
नको बोलू, म्हटलं,
चौदाव्या प्रकरणापर्यंत वेळ आहे आपल्याकडे.

पूर्वी मी प्रश्न विचारायचे.
आवडता रंग, भीती कशाची, देव मानता का.
शिंगोटे म्हणायचा, "बघू."
यमूबाई म्हणाल्या, "दूध उतू जातंय तुमचं."
जातच होतं.
तेव्हापासून विचारत नाही, कामाला लावते.
वीजबिलाच्या रांगेत उभं करते,
मध्ये घुसणाऱ्याला कोण बोलतं ते बघते.
चौथ्या मजल्यावर जायचं असलं की लिफ्ट बंद पाडते.
एकदा करावेच्या खाडीवर नेऊन सोडलं दोघांना.
फ्लेमिंगो आलेले,
सगळं जग मोबाइल वर धरून उभं,
आणि शिंगोटे चिखलात खुबे वेचणाऱ्या बायकांच्या
टोपल्यांकडे टक लावून,
सहा किलो? छे, साडेसहा.

तिसरी, ही मुलगी. हिला मी बोलावलंच नव्हतं.
अकराएक वर्षांची,
रविवार असून पायात शाळेचे बूट.
कोणाची गं तू? गप्प.
त्या दोघांना विचारलं.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि भाज्यांचे भाव काढले.
तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला,
की आता लिहावं लागणार.

काल रात्री शिंगोटे टेबलाशी बसला होता.
बोलता बोलता त्याने बसचं तिकीट उभं दुमडलं,
मग आडवं,
आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवलं.
मी पेन ठेवलं.
हे कुठून आणलंस?
हे आमच्या अप्पांचं.
कोपरखैरणे ते ठाणे, शेवटचं,
दवाखान्याने घड्याळाबरोबर परत दिलेलं.
बांगड्यांच्या डब्यात आहे अजून,
घडी मोडलेली नाही.

शिंगोटे ओशाळला.
"परत देऊ का?" म्हणाला.

मुलगी बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती.
यमूबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला,
बिनसाखरेचा, न विचारता.
म्हणजे इतक्या दिवसांत वही
त्यांनीही भरत आणलेली दिसते.

राहू दे, म्हटलं शेवटी, वापर.
पण घडी नीट घाल, कोपऱ्याला कोपरा.
आणि त्या पोरीला विचार
जेवून आलीये का.